बीएमडब्ल्यू एम४ सीएसएल : शंभर किलो उतरवूनही जड राहिलेली गाडी

बीएमडब्ल्यूच्या ‘एम’ या वेगवान गाड्या बनवणाऱ्या विभागाला २०२२ साली पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि त्याच वर्षी कंपनीने एम४ सीएसएल ही दोन आसनांची, फक्त मागच्या चाकांना शक्ती देणारी आणि जगभरासाठी केवळ एक हजार संख्येत बनवायची गाडी सादर केली. सीएसएल हे नाव (त्यातला ‘एल’ म्हणजे लाइटवेट, हलकी) या कंपनीने आजवर मोजक्याच गाड्यांना दिले आहे आणि ज्यांना दिले त्या सर्व हलकेपणासाठीच ओळखल्या जातात, त्यामुळे हिचे परीक्षण अश्वशक्तीपासून सुरू न करता वजनापासून सुरू करणे मला न्याय्य वाटते. कंपनीने जाहीर केलेले आकडे आणि गाडीची रचना हाच या लेखाचा आधार आहे. स्टिअरिंगमागे बसून येणाऱ्या अनुभूतीविषयी येथे काही म्हणायचे नाही, कारण मला ज्या गोष्टीबद्दल बोलायचे आहे ती कागदावर पुरेशी स्पष्ट दिसते.

जर्मन डीआयएन पद्धतीने, म्हणजे चालकाला न धरता, या गाडीचे वजन १६२५ किलो आहे. ज्या एम४ कॉम्पिटिशनपासून ती तयार झाली तिचे वजन १७२५ किलो, म्हणजे बरोबर शंभर किलो कमी झाले. आकडा ऐकताना भरघोस वाटतो आणि त्यामागे खरोखर मेहनत आहे. मात्र हे शंभर किलो कुठून निघाले याचा तपशील कंपनीनेच दिलेला आहे, आणि या गाडीबद्दलचे माझे मत तो तपशील वाचल्यावर पक्के झाले.

पुढे शरीराला घट्ट धरणारी कार्बन फायबरची पूर्ण बकेट आसने बसवून २४ किलो वाचवले गेले. मागची आसने आणि त्यांचे पट्टे पूर्णपणे काढून टाकल्याने २१ किलो गेले. आवाज अडवणारे थर पातळ किंवा कमी केल्याने १५ किलो उतरले. कार्बन सिरॅमिक ब्रेक, हलकी चाके, विशेष स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांतून सुमारे २१ किलो मिळाले, बॉनेट आणि डिकीचे झाकण यांसारखे भाग कार्बनचे केल्याने ११, टायटॅनियमच्या सायलेन्सरमुळे ४, आणि पुढची जाळी, मागचे दिवे, पायाखालच्या मॅट, वातानुकूलन यंत्रणा अशा किरकोळ बदलांमधून उरलेले ४ किलो. बेरीज शंभर होते. यातली आसने आणि आवाजरोधक थर एवढेच वेगळे काढले तर ते साठ किलो भरतात. म्हणजे जे कमी झाले त्याचा मोठा हिस्सा प्रवाशांच्या सोयीतून कमी झाला आणि सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स या खऱ्या जड भागांची या यादीत नोंदच नाही. घराच्या भिंती जाड ठेवून दिवाणखान्यातले सामान तेवढे बाहेर काढावे, तशी ही वजनकपात आहे.

यावर असे म्हणता येईल की सर्वच विशेष आवृत्त्या अशाच बनतात, आणि ते खरेही आहे. २००३ ची एम३ सीएसएल अशाच प्रकारे बनली होती. तिच्यात कार्बनचे छप्पर होते, मागची काच पातळ होती, डिकीतला तळ पुठ्ठ्याच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या रचनेचा होता, आणि रेडिओ व वातानुकूलन मूळ गाडीतून वगळून मागणीनुसार विनामूल्य बसवून दिले जात होते. तिच्यातही कपात सुमारे ११० किलोंचीच होती. फरक आरंभबिंदूत आहे. त्या वेळची साधी एम३, म्हणजे चार आसने, रेडिओ, वातानुकूलन आणि सर्व गाद्या-गालिच्यांसह विकली जाणारी गाडी, १४९५ किलोंची होती. कपातीनंतर सीएसएल १३८५ किलोंवर आली. याचा अर्थ असा की २०२२ ची कसून सोललेली सीएसएल ही २००३ च्या सर्व सोयींनी भरलेल्या साध्या एम३ पेक्षा १३० किलोंनी जड आहे, आणि तिच्या थेट पूर्वज सीएसएलपेक्षा २४० किलोंनी. मधल्या काळात, २०१६ साली, याच मालिकेत एम४ जीटीएस आली होती. पाण्याच्या फवाऱ्याने इंजिनात जाणारी हवा थंड करणारी आणि मोजक्या संख्येत बनलेली ती गाडी १५१० किलोंची होती. सहा वर्षांत त्या पायरीवरूनही ११५ किलो चढले.

मूळ ३.० सीएसएलचा उल्लेख येथे टाळता येत नाही, कारण नावाचा मान तिच्यापासून सुरू होतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपीय टूरिंग कार स्पर्धेत उतरता यावे म्हणून पातळ पत्रा, ॲल्युमिनियमचे दरवाजे आणि झाकणे, काचेऐवजी ॲक्रिलिकच्या बाजूच्या खिडक्या अशा उपायांनी ती सुमारे ११६५ किलोंपर्यंत खाली आणली गेली होती. त्या गाडीशी आजच्या गाडीची थेट तुलना करणे मला मान्य नाही. तिच्यात आजच्या अर्थाने अपघातसुरक्षा नव्हती आणि कोणाही समंजस माणसाला ती सुरक्षा काढून टाकावी असे वाटू नये. तुलना करायचीच तर २००३ शी करावी, कारण तेव्हा एअरबॅग, एबीएस, चढते उत्सर्जननियम आणि बाजूच्या धडकेची चाचणी हे सर्व अस्तित्वात होते.

मग हे २४० किलो आले कुठून? कायदा हे उत्तर नेहमी दिले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. पादचारी सुरक्षेसाठी बॉनेटखाली ठेवावी लागणारी जागा, धडकेचे कडक निकष, युरोपात पेट्रोल इंजिनालाही लागणारा सूक्ष्मकणांचा फिल्टर, या सर्वांचे वजन आहेच. मात्र त्यापेक्षा मोठा वाटा गाडीच्या आकाराचा आहे. २००३ च्या एम३ ची लांबी साडेचार मीटरच्या आत होती आणि रुंदी १.७८ मीटर, आजची एम४ तिच्यापेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद आहे. चाकांमधले अंतर २७३१ वरून २८५७ मिलिमीटरवर गेले. पत्रा, काच, वायरिंग, काटकोनात वाकवलेली प्रत्येक पट्टी, सगळे या वाढीबरोबर वाढते. शिवाय ही गाडी ज्या सामाईक रचनेवर उभी आहे तीच रचना डिझेल, प्लग-इन हायब्रिड आणि पूर्ण विद्युत गाड्यांनाही पेलते. त्याच घराण्यातली विद्युत आय४ एम५० सुमारे २२१५ किलोंची आहे. एवढा भार वाहण्याची तयारी ज्या सांगाड्यात आहे त्याच्यावर फक्त इंजिनाची हलकी गाडी उभारायची म्हटले तरी त्या तयारीचा मोबदला किलोंमध्ये मोजावाच लागतो. उत्पादनाच्या अर्थशास्त्राने घेतलेला हा निर्णय आहे आणि तो समजण्यासारखा आहे, परंतु त्याला सुरक्षेच्या नियमांचे नाव देणे योग्य नाही.

तिसरे कारण शक्तीच्या हव्यासात आहे आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. २००३ च्या गाडीतले सहा सिलिंडरांचे इंजिन टर्बोशिवाय ३६० अश्वशक्ती देत असे आणि त्यासाठी ते मिनिटाला ७९०० फेऱ्यांपर्यंत चढवावे लागे. त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३७० न्यूटन मीटर होता. आजचे तीन लिटरचे दोन टर्बोंचे इंजिन ५५० अश्वशक्ती आणि ६५० न्यूटन मीटर देते, आणि त्यासाठी टर्बोचा दाब १.७ वरून २.१ बारपर्यंत नेला आहे. एवढा टॉर्क पेलायला गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि मागचे ॲक्सल सर्व जाड हवेत. उष्णता बाहेर टाकायला जास्त रेडिएटर आणि त्यांत फिरणारे जास्त द्रव हवेत. वेग वाढला म्हणून ब्रेक मोठे, ब्रेक मोठे म्हणून चाके मोठी, चाके मोठी म्हणून त्यांना धरणारे सस्पेन्शनचे हात आणि सबफ्रेम मजबूत. पुढची टायरे २३५ मिलिमीटर रुंदीवरून २७५ वर आली, मागची २६५ वरून २८५ वर. आणि एवढे सगळे जमा झाल्यावर जो जडपणा येतो त्यावर मात करायला पुन्हा शक्ती वाढवली जाते. गाडीच्या अभियंत्यांना हे चक्र चांगले ठाऊक असते. ते थांबवण्याचा अधिकार बहुधा त्यांच्याकडे नसतो.

आता या गाडीच्या बाजूने जे बोलायला हवे ते मनापासून बोलतो. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे या लांब ट्रॅकवर तिने २०.६ किलोमीटरच्या मापाने ७ मिनिटे १५.६७७ सेकंदांची फेरी नोंदवली आणि तेव्हा तोवरच्या मालिका-उत्पादनातील कोणत्याही बीएमडब्ल्यूपेक्षा ती वेगवान ठरली. जुन्या सीएसएलने तेथेच ७ मिनिटे ५० सेकंद घेतले होते. चौतीस सेकंदांचा हा फरक टायर, डांबर आणि हवेचा दाब यांनी कितीही समजावून सांगितला तरी मोठाच आहे. शून्यापासून शंभरपर्यंत ३.७ सेकंद, दोनशेपर्यंत १०.७ सेकंद, कमाल वेग ताशी ३०७ किलोमीटर. इंजिनाच्या खोलीतल्या जाड आधारपट्ट्या आणि सिलिंडरच्या डोक्यासाठी त्रिमितीय छपाईने बनवलेले साचे, हे तपशील कारागिरीच्या दृष्टीने प्रथम दर्जाचे आहेत. चारही चाकांची शक्ती नाकारून कंपनीने या गाडीत बरेच किलो मुद्दाम टाळले, हा निर्णय धाडसी आणि योग्य होता. आसनांची उंची बदलायची तर कार्यशाळेत स्क्रू सोडून तीन पायऱ्यांत बदलावी लागते आणि पाठीचा कोन बदलतच नाही. ट्रॅकवर जाणाऱ्याला यात काही गैर वाटणार नाही, उलट आनंदच होईल. मागे आसनांच्या जागी दोन हेल्मेट ठेवायची सोय आहे. एकूण गाडी कोणासाठी बनवली आहे हे बनवणाऱ्यांना नीट माहीत होते.

परंतु फेरीची वेळ वजनाचे मूल्यमापन करू शकत नाही. विक्रमाची फेरी म्हणजे ताजी टायरे, थंड ब्रेक, कंपनीचा सराईत चालक आणि एकच संधी. ट्रॅकवर हौसेने जाणारा मालक पंधरा-वीस मिनिटांचे सत्र चालवतो, मग पुन्हा एक, मग दुपारनंतर आणखी एक. जडपणाची किंमत तिथे वसूल होते. साधा हिशेब करून पाहावा. ताशी २५० किलोमीटरवरून १०० वर येताना १६२५ किलोंची गाडी सुमारे ३.२९ मेगाज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये ओतते, तर १३८५ किलोंची सुमारे २.८१. फरक अर्ध्या मेगाज्यूलच्या आसपास. परंतु जास्त शक्तीची गाडी त्या वळणाशी जास्त वेगाने पोहोचते. नवी २७० ने आणि जुनी २४० ने पोहोचली असे धरले, तर तेच आकडे ३.९४ आणि २.५४ होतात, म्हणजे दीडपटीहून अधिक. चालकाचे वजन यांत आलेलेच नाही. पुढच्या चाकांना ४०० आणि मागच्या चाकांना ३८० मिलिमीटर व्यासाच्या कार्बन सिरॅमिक चकत्या या गाडीला का लागतात, हे यावरून कळते. त्या चकत्या उत्कृष्ट आहेत. त्या एवढ्या मोठ्या का कराव्या लागल्या, हा माझा प्रश्न आहे.

टायरांचे गणित याहून निष्ठुर आहे. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही. ती त्याहून कमी वाढते. त्यामुळे वळणात बाहेरच्या टायरांवर जितका अधिक भार सरकतो तितकी एकूण पकड घटत जाते, आणि जड गाडीत सरकणारा भार मुळातच मोठा असतो. हा तोटा भरून काढायला टायर रुंद करावे लागते आणि त्याचे रबर मऊ करावे लागते. सीएसएलसाठी निवडलेले मिशलिनचे कप २ आर हे टायर नेमके तसेच आहे, रस्त्यावर चालवण्यास परवानगी असलेल्या टायरांमध्ये ट्रॅकच्या सर्वांत जवळचे. ते आपले काम चोख करते, आणि त्याच्या जोरावरच फेरीचा आकडा उभा आहे. मात्र मऊ रबर, भार आणि उष्णता यांचे एकत्र येणे म्हणजे टायरांच्या संचांचा जलद खर्च, हे ट्रॅकवर जाणारा प्रत्येक जण खिशातून शिकतो. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ३.७१७ किलोमीटरच्या सर्किटवर किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, जिथे मागची सरळ वाट एक किलोमीटरहून लांब आहे आणि तिच्या शेवटी जोराचे ब्रेकिंग आहे, तिथे आपल्याकडच्या उन्हात हा खर्च आणखी चढतो. भारतात २०२४ साली जी एम४ सीएस सुमारे १ कोटी ८९ लाखांना दाखल झाली, तिला सीएसएलइतकीच ५५० अश्वशक्ती आहे आणि ती चारही चाके फिरवते. महाराष्ट्रातून ट्रॅकवर जाण्याचा विचार करणाऱ्या खरेदीदाराने टायरांचा आणि ब्रेकच्या पॅडचा वार्षिक खर्च किमतीइतक्याच गांभीर्याने विचारावा.

हलके करणे आजच्या काळात शक्यच नाही, असे कोणी म्हणत असेल तर श्टुटगार्टच्या दिशेने पाहावे. पोर्शच्या ९११ जीटी३ आरएसचे वजन २००६ साली १३७५ किलो होते आणि २०२२ च्या पिढीत १४५० किलो. सोळा वर्षांत पंचाहत्तर किलो. या काळात त्याच नियमांनी, त्याच चाचण्यांनी आणि त्याच युरोपने त्याही गाडीला घेरले होते. तिचे दरवाजे, पुढचे मडगार्ड, छप्पर आणि पुढचे झाकण कार्बनचे आहे. पुढची डिकी सरळ काढून टाकून तिथे एकच मोठा रेडिएटर तिरका बसवला आहे, आणि त्यामुळे बाजूंची मोकळी झालेली जागा हवेचा दाब घडवणाऱ्या हलत्या पात्यांना मिळते. ताशी २८५ किलोमीटरला ही गाडी ८६० किलोंचा हवेचा दाब स्वतःवर निर्माण करते. टायरांना दाबून धरायचे तर वजन न वाढवताही ते साधता येते हे येथे दिसते, कारण हवेचा दाब वळणात बाहेर ढकलत नाही. सीएसएलपेक्षा २५ अश्वशक्तींनी कमी असूनही नॉर्डश्लाइफेच्या सुमारे २०.८ किलोमीटरच्या पूर्ण मापावर ती ६ मिनिटे ४९.३२८ सेकंदांत फिरली. सीएसएलला त्याच मापावर ७ मिनिटे १८.१३७ लागले. पोर्श महाग आहे आणि दोनच आसनांची आहे, हा आक्षेप रास्त. पण सीएसएलही दीड लाख युरोंहून अधिक किमतीची आणि दोन आसनांची गाडी म्हणूनच विकली गेली. त्या किमतीत मागची दोन आसने काढून टाकूनही चार आसनांच्या गाडीचा सांगाडा ग्राहकाने पत्करावा, हे मला पटत नाही.

दुसऱ्या टोकाला फ्रान्सची आल्पाइन ए११० आर आहे. ॲल्युमिनियमचा देह, तीनशे अश्वशक्ती, कार्बनची चाके आणि वजन १०८२ किलो. मागची काच काढून तिथे कार्बनचे आवरण बसवले असल्यामुळे आतल्या आरशाला काही दिसायचे उरले नाही, इतक्या टोकाला ते लोक गेले. शून्यापासून शंभरपर्यंत ती सीएसएलच्या फार मागे नाही. लांब सरळ वाटेवर ती नक्कीच मागे पडेल, पण टायर, ब्रेक आणि पेट्रोल यांचा एका दिवसाचा हिशेब मांडला तर ट्रॅकवर जाणाऱ्याला अधिक फेऱ्या कोणती गाडी देईल याबद्दल मला शंका नाही.

वजनाचे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगावी, कारण जाहिरातींमध्ये येथेच गल्लत होते. डीआयएन पद्धतीत चालक नसतो आणि टाकी नव्वद टक्के भरलेली असते. युरोपीय संघाच्या पद्धतीत चालक आणि सामानाचे मिळून ७५ किलो धरले जातात, म्हणून हीच सीएसएल तिथे १७०० किलोंची दिसते. काही उत्पादक तर द्रवपदार्थांशिवायचे कोरडे वजन सांगतात आणि तो आकडा नेहमीच देखणा असतो. दोन गाड्यांची तुलना करताना पद्धत एकच आहे याची खात्री केल्याशिवाय कोणताही आकडा मानू नये. या लेखात बीएमडब्ल्यूच्या गाड्यांचे आकडे डीआयएन पद्धतीचे घेतले आहेत.

या सर्व मांडणीत सीएसएल ही सर्वांत मोठी दोषी नाही, हेही नोंदवले पाहिजे. त्याच कंपनीची हायब्रिड एम५ २४३५ किलोंची आहे, आणि मर्सिडीज-एएमजीची चार सिलिंडरांची हायब्रिड सी६३ २१११ किलोंची. पोर्शच्याही ९११ टर्बो एसचे वजन हायब्रिड यंत्रणेमुळे ८५ किलोंनी वाढून १७२५ वर गेले. २०२५ च्या एम२ सीएसचे वजन १७०० किलो आहे, म्हणजे मालिकेतली लहान गाडी तीन वर्षांपूर्वीच्या मोठ्या सीएसएलपेक्षाही जड निघाली. अशा रांगेत उभी केली तर सीएसएल हलकी वाटते, पण तिला ही तुलना लावणे म्हणजे तिच्या नावाची पातळी खाली आणणे आहे, आणि मला ते करायचे नाही.

आज ही गाडी घ्यायची तर वापरलेलीच मिळते. ती घेणाऱ्याला माझा सल्ला असा की ती संग्रहासाठी किंवा वेगासाठी घ्यावी. दोन्ही बाबतीत ती निराश करणार नाही. ट्रॅकवर दिवसभर चालवण्यासाठी घ्यायची असेल तर कार्बन सिरॅमिक चकत्यांची जाडी आणि वजन कार्यशाळेत मोजून घ्यावे, कारण त्या चकत्यांची झीज डोळ्यांनी कळत नाही आणि नव्या संचाची किंमत लहान गाडीइतकी असते. टायरांवरची उत्पादनाची तारीख पाहावी. एवढे करूनही मन द्विधा असेल तर त्याच पैशांत वापरलेली ९११ जीटी३ शोधावी, जिचे वजन १४५० च्या आत आहे आणि जिचे इंजिन टर्बोशिवाय मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत जाते. माझे पैसे असते तर मी तीच घेतली असती.